लिंक द्यायला परवानगी कशाला?

नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं. अशा जुन्या ग्रंथालयांत, कोणतं पुस्तक कुठे आहे ते सांगणाऱ्या कार्डांचे लाकडी खण असत. खण ओढायचा, कार्डं चाळायची, वर्गांक चिठ्ठीवर उतरवायचा आणि कपाट गाठायचं. ते कार्ड लिहिण्याआधी लेखकाची परवानगी कुणी मागितली नव्हती. वेबवरची लिंक म्हणजे असंच कार्ड.

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये सर्न या संशोधन संस्थेत वेबची कल्पना मांडली. त्यांनी लिंक एकतर्फी ठेवली, म्हणजे ज्याच्याकडे बोट दाखवायचं त्याला विचारावं लागत नाही. त्यामुळे लिंका तुटतात हे खरं, पण वेब पसरलं ते याच मोकळिकीमुळे. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र सर्वांना विनामूल्य खुलं केलं.

तीनच वर्षांत भांडण लागलं, तेही स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवर. ‘शेटलंड न्यूज’ने ‘शेटलंड टाइम्स’चे मथळे जसेच्या तसे घेऊन थेट आतल्या बातम्यांच्या लिंका दिल्या. वाचक मुखपृष्ठावर न जाता परस्पर आत जात होता, मुखपृष्ठावरच्या जाहिराती न पाहताच. ऑक्टोबर १९९६ मध्ये कोर्टाने तात्पुरती मनाई केली आणि पुढच्या वर्षी तडजोड झाली: लिंक द्या, पण बातमी कुणाची ते ठळक लिहा. मला आजही हाच तोडगा सर्वांत न्याय्य वाटतो.

पुढे ब्रिटिश टेलिकॉमने लिंकच आपल्या पेटंटची असल्याचा दावा केला. अमेरिकी कोर्टाने २००२ मध्ये तो फेटाळला. लिंक देणं म्हणजे तो मजकूर आपण प्रसिद्ध करणं नव्हे, असं कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये बदनामीच्या खटल्यात म्हटलं. सर्वांना खुल्या असलेल्या मजकुराची लिंक द्यायला परवानगी लागत नाही, हा युरोपीय संघाच्या न्यायालयाचा निकाल २०१४ चा.

आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्याच्या ५२व्या कलमात लिंक पुरवताना होणाऱ्या मजकुराच्या तात्पुरत्या साठवणीला सूट मिळाली, पण हक्कदाराने स्पष्ट मनाई केलेली नसेल तरच. ही अट मला खटकते.

कारण लिंकची भीती बसली की लोक स्क्रीनशॉट पाठवतात. लासलगावच्या कांद्याच्या भावाचा असा एखादा स्क्रीनशॉट ग्रुपवर येतो. वर बाजार समितीचं नाव, खाली भाव, तारीख मात्र कापलेली. ट्रॅक्टर भरून उभा असलेला माणूस विचारतो, ‘हा आजचाच भाव ना?’ पाठवणाऱ्यालाही ते सांगता येत नाही.