टीबीच्या नावाखाली राहिलेली बुरशी: हिस्टोप्लाज्मोसिसची पार्श्वभूमी

रोज संध्याकाळी चढणारा ताप, मेलेली भूक, महिन्यागणिक सैल होत जाणारे कपडे. कोकणात कुठल्याही तालुक्याच्या गावी ही लक्षणं सांगितली की पहिला संशय टीबीचा येतो आणि तो योग्यच असतो, आपल्याकडे टीबी आहेच तेवढा. अडचण पुढे येते. थुंकीत जंतू सापडत नाही, सीबीनॅट ही टीबीच्या जंतूची जनुकीय तपासणी निगेटिव्ह येते, तरी गोळ्या सुरू होतात आणि दोन-अडीच महिन्यांनी पेशंट आणखी खंगलेला दिसतो. अशा वेळी जे मोजके आजार आठवायला हवेत त्यांत हिस्टोप्लाज्मोसिस हा बुरशीमुळे होणारा आजार आहे, आणि नेमका तोच आठवत नाही. गेली शंभरावर वर्षं तो दुसऱ्याच आजारांच्या नावावर खपत आला आहे.

पनामा कालव्याचं काम चालू असताना तिथल्या अँकॉन इस्पितळात सॅम्युअल डार्लिंग हे अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट होते. डिसेंबर १९०५ मध्ये मार्टिनिक बेटावरून कामाला आलेल्या एका माणसाचं शवविच्छेदन करताना त्यांना फुप्फुसांत टीबीसारखे बारीक दाणे दिसले. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र टीबीचे जंतू कुठेच नव्हते, पेशींच्या पोटात बारीक गोल कण खच्चून भरले होते. डार्लिंग त्या काळात काला आजाराच्या परजीवीच्या शोधात होते. साहजिकच हाही तसलाच परजीवी असावा असं त्यांना वाटलं आणि १९०६ मध्ये त्यांनी त्याला हिस्टोप्लाज्मा कॅप्सुलेटम असं नाव दिलं. १९१२ च्या सुमारास ब्राझीलचे हेन्रिक दा रोशा-लिमा यांनी हॅम्बुर्गमध्ये काचपट्ट्यांची तुलना करून हे बुरशीसारखं दिसतं असं सांगितलं. त्यावर शिक्कामोर्तब व्हायला १९३४ उजाडलं. अमेरिकेत टेनेसीमधल्या डीमॉनब्रून यांनी एका तान्ह्या मुलाच्या नमुन्यातून ही बुरशी वाढवून दाखवली. शरीराच्या उष्णतेला ती यीस्टसारखी गोल राहते, खोलीच्या तापमानाला कापसासारखी तंतुमय होते.

तोवर हा दुर्मिळ आणि हमखास जीव घेणारा आजार मानला जात होता. १९४५ मध्ये तो समज मोडला. टेनेसीतल्या कितीतरी धडधाकट मुलांच्या एक्स-रेमध्ये फुप्फुसांवर चुन्याचे डाग दिसत, पण त्यांची टीबीची त्वचाचाचणी निगेटिव्ह असे. क्रिस्टी आणि पीटरसन यांनी त्यांची हिस्टोप्लाज्मिनची, म्हणजे याच बुरशीच्या अर्काची, त्वचाचाचणी केली आणि ती पॉझिटिव्ह निघाली. लागण सर्रास होत होती आणि बहुतेकांना कळतही नव्हती. आजार सर्वांगात पसरतो तो थोड्यांच्या, विशेषतः प्रतिकारशक्ती ढासळलेल्यांच्या. १९४९ मध्ये एमन्स यांनी ही बुरशी थेट मातीतून काढली. पक्ष्यांच्या आणि वटवाघळांच्या विष्ठेने कसदार झालेली ओलसर माती तिला मानवते. अशी माती उकरली की बीजाणू हवेत उडून श्वासावाटे आत जातात. माणसाकडून माणसाला हा आजार लागत नाही, हे घरच्यांना मुद्दाम सांगावं, कारण टीबीच्या भीतीने पेशंटचं ताट-पेला आधीच वेगळं झालेलं असतं.

भारतात पहिली नोंद १९५४ मध्ये कोलकात्यातून पांजा आणि सेन यांनी केली. पुढे गंगेच्या खोऱ्यातून आणि ईशान्येकडून बऱ्याच केसेस आल्या, म्हणून आपल्याकडे हा तिकडचा आजार समजला जातो. पण माणसं एका जागी राहतात कुठे? रत्नागिरी-देवगडच्या आंबा बागांत राखणीला नेपाळी कुटुंबं असतात, मच्छीमार बोटींवर परप्रांतीय खलाशी असतात, आपलीही मुलं कामासाठी देशभर फिरतात. लागण होऊन गेल्यावर कित्येक वर्षांनीही आजार डोकं वर काढू शकतो. म्हणून ‘आत्ता कुठे राहता’ एवढंच विचारून भागत नाही. आधी कुठे राहिलात, काय काम केलंत, हेही विचारावं लागतं. आणि वर्षभर बंद असलेल्या घराच्या माळ्यावर वटवाघळांची लेंडी साचली असेल तर ती कोरडी झाडू नये. आधी पाणी मारावं, तोंडाला चांगला मास्क बांधावा.

निदानाकडे नेणाऱ्या काही खुणा आहेत. तोंडात किंवा जिभेवर न भरणारी जखम, वाढलेलं यकृत आणि प्लीहा, रक्तातल्या पेशींची घट. भारतातल्या पेशंटांत एक गोष्ट वारंवार दिसते, ती म्हणजे मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या दोन्ही अ‍ॅड्रिनल ग्रंथी सुजणं. सोनोग्राफीत तसं दिसलं, त्यात पेशंट मधुमेही असला, रक्तदाब उतरलेला असला, तर टीबी आणि कॅन्सरबरोबर ही बुरशीही यादीत हवी.

पुढचं सगळं नमुन्यावर अवलंबून. ग्रंथीतला, अस्थिमज्जेतला किंवा जखमेचा तुकडा काढला की तो सवयीने फॉर्मॅलिनच्या बाटलीत जातो आणि मुंबई, कोल्हापूर किंवा गोव्यात बांबोळीच्या मेडिकल कॉलेजला रवाना होतो. फॉर्मॅलिनमध्ये बुरशी मरते, मग कल्चर, म्हणजे नमुन्यातून ती वाढवून पाहणं, शक्यच नाही. अर्धा तुकडा निर्जंतुक सलाइनमध्ये वेगळा पाठवायला खर्च नगण्य, पण तो आठवणीने करावा लागतो. स्लाइडवर ही यीस्ट जेमतेम दोन ते चार मायक्रॉनची. नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगात ती नजरेतून निसटते. बुरशीसाठीचे खास रंग, म्हणजे पीएएस किंवा चांदीचा जीएमएस स्टेन केला की पेशीत दाटीने बसलेली दिसते. तो स्टेन लावायचा हे पॅथॉलॉजिस्टला सुचायला हवं, म्हणून फॉर्मवर नुसतं ‘टीबी?’ न लिहिता ‘बुरशी?’ असंही लिहावं. कल्चरला चार-सहा आठवडे लागू शकतात. लघवीतलं अँटिजेन (बुरशीचा अंश) तपासण्याची पद्धत १९८६ पासून माहीत आहे आणि पसरलेल्या आजारात ती फार उपयोगी पडते, पण जिल्ह्याच्या गावी ती मिळणं अजून अवघडच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये घातक बुरशींची यादी काढली, त्यात हिस्टोप्लाज्मा वरच्या गटांत आहे. अँटिजेनची तपासणी जवळ आणायला एवढं कारण पुरावं.

औषधं आहेत आणि ती लागू पडतात. गंभीर पेशंटला आधी अ‍ॅम्फोटेरिसिन, मग साधारण वर्षभर इट्राकोनॅझोल. मात्र निदान झाल्यावर आधीच्या टीबीच्या गोळ्यांचं काय करायचं, हे डॉक्टरांनी त्याच दिवशी ठरवायला हवं. त्यांतलं रिफॅम्पिसिन इट्राकोनॅझोलची रक्तातली पातळी पार खाली आणतं, आणि मग योग्य औषध चालू असूनही ताप उतरत नाही.