लागू झालेला कायदा आणि नुसता पोचलेला कायदा

हणजूणला गेस्ट हाउस चालवणाऱ्या मित्राने विचारलं, "पोर्तुगीज पासपोर्टवाला पाहुणा उतरला की आपल्याला जीडीपीआर लागतो काय रे?" गोव्यात हा प्रश्न हसण्यावारी न्यायचा नाही. १९ डिसेंबर १९६१पूर्वी इथे जन्मलेल्यांची मुलं-नातवंडं तो पासपोर्ट काढतात. असा 'युरोपियन' म्हापशाच्या बाजारात मासळीचा भाव करतानाही भेटतो.

उत्तर: नाही. २५ मे २०१८पासून अमलात असलेला युरोपीय संघाचा हा वैयक्तिक माहिती जपणारा कायदा पासपोर्ट बघत नाही, माणूस कुठे आहे ते बघतो. बाहेरच्या धंद्याला तो लागतो, पण तो धंदा युरोपात असलेल्या लोकांपुढे आपली सेवा मांडत असेल किंवा त्यांच्या तिथल्या वागण्यावर नजर ठेवत असेल तरच. दारात येऊन खोली मागणारा त्यात बसत नाही. मित्राने उद्या लिस्बनकरांसाठी पोर्तुगीजमध्ये, युरोत बुकिंग सुरू केलं, तर मात्र बसेल.

हे झालं लागू होणं. पोचणं वेगळं.

पूर्वी संकेतस्थळासाठी डॉट कॉम नाव घेणाऱ्याचा पत्ता, फोन, ईमेल 'हूइज' या उघड्या नोंदवहीत कुणालाही दिसे. मी नाव घेतलं आणि 'वेबसाइट बनवून देतो' म्हणणाऱ्यांनी आठवडाभर फोन खाली ठेवू दिला नाही. डोमेन नावांची व्यवस्था पाहणाऱ्या कॅलिफोर्नियातल्या आयकॅन या संस्थेने १७ मे २०१८ला, म्हणजे जीडीपीआरच्या फक्त आठ दिवस आधी, तात्पुरता नियम करून ही माहिती झाकायची वाट दिली. युरोपी आणि बिगरयुरोपी ग्राहक वेगळे काढायची सक्ती त्यात नव्हती. निवडत कोण बसणार? ही नावं विकणाऱ्या अनेक कंपन्यांनी, म्हणजे रजिस्ट्रारांनी, सरसकट पडदा टाकला. म्हापशाच्या दुकानदाराला जो कायदा लागूच नव्हता, त्याचा आडोसा मिळाला.

काटाही मिळाला. कांदोळीच्या बंगल्याचे फोटो चोरून आगाऊ पैसे उकळणारं संकेतस्थळ कुणाचं, हे आता सहज दिसत नाही. रजिस्ट्रारकडे रीतसर मागावं लागतं. (अर्थात असले भामटे आधीही खरं नाव लिहीत नसत.)

मग परक्या कायद्याने इंटरनेटचं धोरण ठरवावं का? 'परका' म्हणून नाक मुरडण्यात अर्थ नाही. आपला २०२३चा डेटा संरक्षण कायदाही भारतातल्या लोकांना माल विकणाऱ्या परदेशी धंद्यापर्यंत हात लांबवतो. आणि १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेप्रमाणे नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरणाऱ्या गोंयकाराने तर हे बोलूच नये. पण ती संहिता मुक्तीनंतर भारतीय संसदेने १९६२च्या कायद्याने चालू ठेवली, म्हणून ती आज आपली आहे. आयकॅनच्या बाबतीत दार उघडलं ते जीडीपीआरच्या दंडाच्या धाकाने: २ कोटी युरो किंवा जगभरच्या उलाढालीच्या ४ टक्के, यांत जे जास्त असेल तेवढ्यापर्यंत. माझी तक्रार एवढीच आहे. आठ दिवस आधी घाईत घातलेल्या त्या ठिगळाच्या जागी कायमचं धोरण अमलात यायला ऑगस्ट २०२५ उजाडला.