अर्जेंटिना भारी की फ्रान्स? पानठेल्यावरच्या वादाचं गणित

18 डिसेंबर 2022, रविवार. विदर्भात कापसाची वेचणी सुरू होती, तूर शेंगांवर आली होती आणि आमच्या गावच्या पानठेल्यावर दुपारपासून एकच विषय होता. रात्री साडेआठला कतारमध्ये अर्जेंटिना आणि फ्रान्स फुटबॉल विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भिडणार होते. कामठीसारखं फुटबॉलचं जुनं वेड आमच्याकडे नाही, आमचा खेळ कबड्डी. पण अर्जेंटिनाचा मेस्सी आणि फ्रान्सचा एम्बापे आता गावोगावच्या मोबाइलमध्ये पोचले आहेत, आणि वाद घालायला आपल्या लोकांना मैदान लागत नाही.

एका पोराचा मुद्दा असा: "ट्युनिशियानं फ्रान्सले पाडलं. ट्युनिशियाले ऑस्ट्रेलियानं पाडलं. अन् ऑस्ट्रेलियाले मेस्सीनं. मंग सांग बे, कोन भारी?" समोरून लगेच उत्तर आलं: "अन् सौदीनं तुह्या मेस्सीले पाडलं त्याचं काय? त्या सौदीले पोलंडनं दोन टाकले, अन् पोलंडले एम्बापेनं धुतलं. झाला ना फ्रान्स भारी!"

दोघांचीही माहिती पक्की होती. त्याच स्पर्धेत ट्युनिशियानं फ्रान्सला 1-0 हरवलं, ऑस्ट्रेलियानं ट्युनिशियाला 1-0 आणि अर्जेंटिनानं ऑस्ट्रेलियाला 2-1. दुसरीकडे सौदी अरेबियानं अर्जेंटिनाला 2-1, पोलंडनं सौदीला 2-0 आणि फ्रान्सनं पोलंडला 3-1 हरवलं. दोन्ही साखळ्या एकमेकींना जोडल्या तर सहा संघांचं एक पूर्ण रिंगण तयार होतं. त्यातला प्रत्येक संघ पुढच्याला हरवतो आणि शेवटचा पुन्हा पहिल्याला. एकाच स्पर्धेतले खरे निकाल घेऊन अर्जेंटिना फ्रान्सपेक्षा भारी हेही सिद्ध करता येतं आणि फ्रान्स अर्जेंटिनापेक्षा भारी हेही. असा पुरावा दोन्हीकडून सारखाच बोलत असेल, तर तो कोणाच्याच कामाचा नाही.

आपल्या डोक्याला उंचीची सवय आहे. राम श्यामपेक्षा उंच आणि श्याम गणूपेक्षा उंच असेल, तर राम गणूपेक्षा उंच असणारच, मोजून बघायची गरज नाही. जिंकण्या-हरण्याला हा नियम लागू पडत नाही, आणि ते घरी बसल्या तपासता येतं. तीन रिकाम्या काडेपेट्या घ्या. पहिलीत 2, 4, 9 अशा तीन चिठ्ठ्या टाका. दुसरीत 1, 6, 8. तिसरीत 3, 5, 7. दोघांनी एकेक पेटी घ्यायची, न बघता चिठ्ठी काढायची आणि मोठा आकडा आला तो जिंकला. प्रत्येक पेटीतली बेरीज 15 आहे, म्हणजे ताकद सारखीच. पण पहिली आणि दुसरी पेटी खेळवली तर नऊ शक्य जोड्यांपैकी पाचांत पहिली जिंकते. दुसरी विरुद्ध तिसरी, नऊपैकी पाचांत दुसरी जिंकते. आता तिसरी विरुद्ध पहिली मांडून बघा. तिसरी जिंकते, पुन्हा नऊपैकी पाच. कोणतीही पेटी सगळ्यात भारी नाही आणि कोणतीच सगळ्यात हलकी नाही. शाळेतल्या पोरांपुढे हा खेळ मांडावा, दहा मिनिटांत वर्ग डोकं खाजवायला लागतो आणि मग एकेक जण कागदावर नऊ जोड्या लिहून काढतो.

खऱ्या संघांच्या रिंगणात चिठ्ठ्यांहून आणखी भानगडी असतात. ट्युनिशियाविरुद्ध जो फ्रान्स खेळला तो बाद फेरीत आधीच पोचलेला होता, आणि प्रशिक्षक देशाँ यांनी अकरापैकी नऊ खेळाडू बदलले होते. जर्सी तीच, संघ वेगळा. अर्जेंटिनाविरुद्ध सौदीनं दुसऱ्या अर्ध्यात पाच मिनिटांत दोन गोल केले खरे, पण त्याआधी पहिल्या अर्ध्यात अर्जेंटिनाचे तीन गोल ऑफसाइडमुळे, म्हणजे खेळाडू नियमाबाहेर पुढे असल्यानं, रद्द झाले होते. 36 सामने न हरलेला संघ जगात 51 व्या क्रमांकावर असलेल्या संघाकडून हरला, एवढंच साखळीत उरतं. तो कसा हरला, हे साखळीतून गळून जातं.

पण या सगळ्याच्या मुळाशी एक फार साधं कारण आहे, आणि मला वाटतं फुटबॉल समजून घ्यायचा तर ते आधी समजलं पाहिजे. फुटबॉलमध्ये गोल फार कमी होतात. 2022 च्या विश्वचषकात 64 सामन्यांत 172 गोल झाले. एका सामन्यात, दोन्ही संघ मिळून, तीनसुद्धा नाहीत.

दुर्मीळ घटनांचं गणित फ्रेंच गणितज्ञ सिमेओं देनी प्वासाँ यांनी 1837 साली मांडलं. ते प्रसिद्ध झालं एका विचित्र उदाहरणानं. लाडिस्लाउस बोर्टकिएविच यांनी 1898 साली प्रशियाच्या सैन्यातल्या मृत्यूंची नोंद तपासली, घोड्याची लाथ बसून मेलेल्या सैनिकांची. 10 पलटणी, 20 वर्षं, म्हणजे 200 नोंदी. त्यांतल्या 109 नोंदींत एकही मृत्यू नव्हता, 65 मध्ये एक, 22 मध्ये दोन, 3 मध्ये तीन आणि एका नोंदीत चार. प्वासाँच्या सूत्राला फक्त सरासरी द्यायची, 0.61. सूत्र सांगतं: 109, 66, 20, 4 आणि 1. घोडा कधी लाथ मारेल हे कोणाला सांगता येत नाही, पण दोनशे नोंदींचा आकार जवळपास हुबेहूब सांगता येतो.

फुटबॉलचे गोलही बऱ्याच अंशी याच सूत्रात बसतात. समजा, एक संघ समोरच्याविरुद्ध सरासरी 1.6 गोल करेल इतका चांगला आहे आणि समोरचा सरासरी 1 गोल. म्हणजे पहिला संघ दीडपटीहून थोडा जास्तच भारी, आणि पारावर कोणी त्याच्या विरुद्ध बोलायला धजणार नाही. सूत्रात आकडे घातले तर 90 मिनिटांत हा भारी संघ जिंकण्याची शक्यता निघते 51 टक्के. बरोबरी 25 टक्के, आणि हलका संघ जिंकण्याची शक्यता 24 टक्के. चारातल्या जवळपास एका सामन्यात कमी ताकदीचा संघ सरळ जिंकून जाणार! तेही कोणाची चूक नसताना, पंच फितूर नसताना, कोणी पैसे खाल्ले नसताना.

आता आपल्या कबड्डीकडे या. प्रमाण तेच ठेवू, पण गुण जास्त. एका संघाची सरासरी 32, दुसऱ्याची 20. कबड्डीचे गुण या सूत्रात तंतोतंत बसत नाहीत, एका चढाईत दोन-तीन गुण मिळतात, लोण पडला की दोन जास्तीचे येतात. पण अंदाजासाठी चालवून घेऊ. भारी संघ आता शंभरात 94 ते 95 वेळा जिंकतो. ताकदीतला फरक तोच, फक्त मोजणी जास्त वेळा झाली. गुण जितके जास्त, तितका नशिबाचा वाटा आपसात कटतो आणि कसब वर येतं. म्हणून हिवाळ्यातल्या आमच्या रात्रीच्या सामन्यांत कोणता गाव जिंकणार हे जुने खेळाडू चुना चोळता चोळता सांगतात आणि बहुतेक वेळा बरोबर ठरतात. तीच माणसं फुटबॉलवर बोलतात तेव्हा तितक्याच ठामपणे चुकतात. त्यांची जाण कमी झालेली नसते. खेळच कमी वेळा मोजणारा आहे.

त्या संध्याकाळी वादात आणखी एक हत्यार निघालं होतं: 2018 चा सामना. त्या विश्वचषकात फ्रान्सनं अर्जेंटिनाला 4-3 हरवलं होतं. "मागच्या वेळीच ठोकलं ना!" समोरासमोरचा जुना निकाल लोकांना सगळ्यात पक्का पुरावा वाटतो. त्यांनी 1954 आठवावं. स्वित्झर्लंडमधल्या त्या विश्वचषकात हंगेरीनं साखळी फेरीत पश्चिम जर्मनीला 8-3 असं चिरडलं. दोन आठवड्यांनी अंतिम सामन्यात तेच दोन संघ पुन्हा समोरासमोर आले. हंगेरी चार वर्षं हरलेली नव्हती, आणि आठ मिनिटांत 2-0 नं पुढेही गेली. जर्मनी 3-2 नं जिंकली. 8-3 च्या सामन्यात जर्मन प्रशिक्षक हेरबेर्गर यांनी मुख्य खेळाडूंपैकी बरेच जण बसवून ठेवले होते. त्याच सामन्यात हंगेरीचा पुश्काश दुखापतग्रस्त झाला आणि अंतिम सामना तो पूर्ण बरा न होताच खेळला. एका निकालावर, मग तो 8-3 का असेना, एवढा भार टाकता येत नाही.

मग ताकद मोजायची तरी कशी? याचं चांगलं उत्तर बुद्धिबळातून आलं, आणि देणारा माणूस जन्मानं हंगेरीचाच. अर्पाद एलो अमेरिकेत भौतिकशास्त्र शिकवत. त्यांची पद्धत अशी: प्रत्येकाच्या खात्यात काही गुण असतात. सामन्याआधी दोघांच्या गुणांतल्या फरकावरून जिंकण्याची शक्यता काढायची. निकाल अपेक्षेप्रमाणे लागला तर थोडेच गुण इकडचे तिकडे होतात, आणि अनपेक्षित लागला तर जास्त. दुबळ्याला हरवून फार काही मिळत नाही, बलाढ्याला हरवलं की खातं फुगतं. एका सामन्यावर सगळं ठरत नाही आणि एकही सामना वाया जात नाही. जागतिक बुद्धिबळ महासंघानं ही पद्धत 1970 साली घेतली. फुटबॉलची जागतिक संघटना फिफानं पुरुष संघांच्या क्रमवारीसाठी तिचं एक रूप 2018 पासून वापरायला सुरुवात केली.

विश्वचषक सुरू होण्याआधी फिफाच्या यादीत अर्जेंटिना तिसरा होता, 1773 गुण, आणि फ्रान्स चौथा, 1759 गुण. फरक 14. फिफाच्या सूत्रात टाकला तर अर्जेंटिनाच्या बाजूनं निघतात 51 टक्के, फ्रान्सच्या बाजूनं 49. पानठेल्यावर दुपारभर घसा कोरडा करून दोन्ही पक्ष समान राहिले होते, ते अगदी योग्य होतं. त्या वादाला निकाल नव्हताच.

आणि रात्री झालं काय, ते ज्यांनी पाहिलं ते विसरणार नाहीत. पहिल्या अर्ध्यात फ्रान्सनं गोलच्या दिशेनं एक फटकासुद्धा मारला नाही, अर्जेंटिना 2-0. मग 80 व्या आणि 81 व्या मिनिटाला एम्बापेचे दोन गोल. जादा वेळेत मेस्सीचा, पुन्हा एम्बापेचा. 3-3. जादा वेळही संपत आलेली असताना फ्रान्सचा कोलो मुआनी एकटा गोलरक्षक मार्टिनेझसमोर होता. मार्टिनेझनं डावा पाय ताणला आणि चेंडू पायाला लागून गेला. पेनल्टीवर अर्जेंटिना 4-2. तो पाय थोडा कमी पडला असता तर दुसऱ्या दिवशी त्याच पानठेल्यावर "मी म्हटलंच होतं" हे वाक्य दुसऱ्या पोराच्या तोंडी असतं.

"मी म्हटलंच होतं" यावर थोडं थांबायला हवं. 2010 च्या विश्वचषकात जर्मनीतल्या एका मत्स्यालयातल्या पॉल नावाच्या ऑक्टोपसनं आठपैकी आठ निकाल बरोबर ओळखले. नुसती नाणेफेक करून आठही बरोबर येण्याची शक्यता 256 त एक. हे ऐकून थक्क व्हायला होतं. पण जगभर शेकडो प्राणी अशी भाकितं करत असतील तर त्यांतला एखादा बरोबर ठरणारच, आणि बातमी फक्त त्याचीच होते. याच पॉलनं 2008 च्या युरो स्पर्धेत सहापैकी दोन निकाल चुकवले होते, ते कोणाच्या लक्षात नाहीत. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घट मांडतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पावसाचं, पिकांचं भाकीत सांगतात. शेतकरी ते कान देऊन ऐकतो, कारण त्याचं वर्ष पावसावर उभं आहे, आणि त्या ओढीचा मला आदर आहे. पण भाकीत कोणाचंही असो, घटाचं, ऑक्टोपसचं, टीव्हीवरच्या तज्ज्ञाचं किंवा संगणकाचं, ते आधी आकड्यात लिहून ठेवलं नाही तर ते बरोबर आलं की चुकलं हे ठरवताच येत नाही.

लिहून तपासायची रीत हवामानशास्त्रात आहे. ग्लेन ब्रायर या अमेरिकी हवामानतज्ज्ञानं ती 1950 साली दिली. पावसाच्या अंदाजासाठी होती, फुटबॉललाही तशीच चालते. अंदाज शक्यतेत सांगायचा: अर्जेंटिना चषक उचलण्याची शक्यता 0.9. उचलला तर निकाल 1, नाही तर 0. दोन्हींतला फरक घेऊन त्याचा वर्ग करायचा, तो दंड. 0.9 म्हणून बरोबर आलात तर दंड फक्त 0.01, चुकलात तर 0.81. 0.6 म्हणणाऱ्याला बरोबर आल्यास 0.16 आणि चुकल्यास 0.36. जो दर वेळी 0.5 म्हणतो त्याला काहीही झालं तरी 0.25. ठाम बोलण्याची किंमत इथं स्पष्ट दिसते. ठाम बोलायला बंदी नाही, पण दहापैकी नऊदा बरोबर येत असाल तरच 0.9 म्हणावं.

गावातली पोरं आता मोबाइलवर या सामन्यांवर पैसे लावतात, म्हणून हेही सांगायला हवं. दोन्ही संघ अगदी समान असले तर 100 रुपयांवर 200 परत मिळायला हवेत. सट्टा घेणारा 190 देतो. शंभर-शंभर लावणाऱ्यांचे सरासरी पाच-पाच रुपये दर सामन्याला त्याच्याकडे जातात, कोणीही जिंको. फुटबॉल कितीही चांगला कळला तरी हे पाच रुपये आधी भरून काढावे लागतात, आणि कमी गोलांच्या खेळात ते भरून निघणं किती अवघड आहे हे वरच्या 51-25-24 वरून दिसतंच.

वहीला मात्र काही खर्च नाही. विश्वचषकात 2026 पासून 48 संघ आणि 104 सामने आहेत. पाच-सहा जणांनी दर सामन्याआधी आपापला आकडा वहीत लिहायचा, मागचे निकाल, जखमी खेळाडू, फिफाचे गुण, काय पाहायचं ते पाहून. बाद फेरी सुरू होईपर्यंत 72 सामने झालेले असतात. तेवढ्यात दंडाची सरासरी 0.25 च्या खाली कोणाची आहे आणि वर कोणाची, हे दिसू लागतं. वर असेल त्यानं दर वेळी 0.5 लिहिलं असतं तर बरं झालं असतं.