वेळेची मर्यादा वेगळी, आवाजाची मर्यादा वेगळी

"काका, दहाच्या आत आहे की."

सांगलीत लग्नसराई असो, जयंती असो नाहीतर गणपती, आवाज जरा कमी करा म्हणून सांगायला गेलं की हेच उत्तर येतं. समोरचा पोरगा खोटं बोलत नसतो, उद्धटही नसतो, त्याला खरंच वाटत असतं की रात्री दहा ही एकच रेघ आहे, तिच्या अलीकडं कितीही वाजवा आणि पलीकडं गेलं की बंद. मलाही कित्येक वर्षं तसंच वाटायचं. आमच्या घरामागं एक लग्नाचं लॉन आहे. आईचं खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा ती तीन महिने पलंगावर होती, आणि तिथी असली की संध्याकाळी सहापासून तिच्या उशाशी ठेवलेल्या स्टीलच्या पेल्यातल्या पाण्यावर बारीक बारीक गोल उठायचे, कपाटाची काच खणखणायची, आई पदर कानावर दाबून डोळे मिटून पडलेली असायची. आणि मी घड्याळाकडं बघत बसायचो. दहा वाजले की तक्रार करायची, त्याआधी आपल्याला बोलायचा हक्कच नाही, असं मीच मनाशी ठरवून टाकलेलं. लॉनवाले बरोबर नऊ पंचावन्नला बंद करायचे. चार तास आई सोसायची आणि नियमात सगळं बसतंय असं आम्ही सगळेच धरून चालायचो.

ते नियमात बसत नव्हतं हे मला फार उशिरा कळलं, म्हणून हे लिहितोय.

आपल्याकडं आवाजाबद्दलचा मुख्य नियम म्हणजे ध्वनी प्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २०००. तो १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली केलेला आहे. त्यात दोन अटी आहेत आणि त्या एकमेकींना जोडलेल्या नाहीत, दोन्ही आपापल्या जागी उभ्या आहेत. एक वेळेची, म्हणजे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर नाही. दुसरी पातळीची, म्हणजे आवाज किती डेसिबल असावा, आणि ही चोवीस तास लागू आहे, सकाळी अकरालाही, दुपारी तीनलाही आणि संध्याकाळी सातलाही. पहिली पाळली म्हणून दुसरी माफ होत नाही. गाडीचं लायसन आहे म्हणून सिग्नल तोडता येत नाही, तसंच हे.

वेळेची अट सोपी आहे. तिला फक्त घड्याळ लागतं. दहा वाजून पाच मिनिटांनी चौकात स्पीकर चालू असेल तर नियम मोडला, मग तो मोठ्यानं वाजतोय की बारीक आवाजात, मशीन आणून मोजलं की नाही, याचा तिथं प्रश्नच येत नाही. "बारीकच चाललंय की" हे उत्तर दहानंतर चालत नाही. आणि ढोल-ताशा म्हणजे काय स्पीकर नव्हे, तो रात्री चालतो, असं जे लोक सांगतात तेही आता बरोबर नाही, २०१० च्या दुरुस्तीनं वाद्यं आणि आवाज करणारी इतर साधनंही रात्रीच्या बंदीत आणली. वेळेची गोष्ट माणसाला चटकन पटते. आपल्याच जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावात २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाईल बंद, पोरं अभ्यासाला बसतात. गाव ते मान्य करू शकलं कारण सात वाजले हे सगळ्यांना एकदमच कळतं. डेसिबल किती झाले हे असं भोंगा वाजवून कुणाला सांगता येत नाही, आणि खरा घोळ इथंच होतो.

आता पातळीची अट. ती भागाप्रमाणं बदलते. रहिवासी भागात दिवसा (म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०) ५५ डेसिबल, रात्री ४५. व्यापारी भागात ६५ आणि ५५. औद्योगिक भागात ७५ आणि ७०. शांतता क्षेत्रात ५० आणि ४०, म्हणजे दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरचा भाग, मात्र २०१७ च्या दुरुस्तीनंतर तो भाग तसा जाहीर झालेला असावा लागतो. मिरजेसारख्या गावात, जिथं पावलोपावली दवाखाने आहेत आणि लांबलांबून कर्नाटकातनं पेशंट येतात, तिथं तर हे फार जपायला पाहिजे.

हे झाले परिसराचे आकडे. स्पीकरसाठी त्यावर थोडी सूट आहे पण ती लोकांना वाटते तेवढी नाही. सार्वजनिक जागी स्पीकर लावला तर त्या जागेच्या हद्दीवर आवाज परिसराच्या आकड्यापेक्षा १० डेसिबलनं जास्त चालतो किंवा ७५, यातलं जे कमी असेल ते. म्हणजे रहिवासी गल्लीतल्या मंडळाला दिवसा ६५. बाजारपेठेत ७५. त्याच्या वर कुठंच नाही. आणि लॉन, बंगला, कार्यालय अशा खाजगी जागेत स्वतःची साउंड सिस्टीम लावली तर हद्दीवर फक्त ५ डेसिबल जादा, म्हणजे आमच्या मागच्या लॉनला दिवसा ६०.

साठ म्हणजे किती? समोरासमोर बसून दोन माणसं साधं बोलतात ना, साधारण तेवढं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. लॉनच्या कंपाउंडवर उभं राहिल्यावर गाणं ऐकू येईल, पण शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागणार नाही, एवढा आवाज कायद्याला अपेक्षित आहे, आणि तोही संध्याकाळी सात वाजता! आमच्याकडं तर आपल्याच स्वयंपाकघरात बायकोला हाक मारायची तर दारात जाऊन मारावी लागायची.

डेसिबलचा हिशोब पण नीट समजून घ्यायला पाहिजे, तो किलो-लिटरसारखा सरळ चढत नाही. १० डेसिबल वाढले की आवाजाची शक्ती दहा पट होते, २० वाढले की शंभर पट, ३० वाढले की हजार पट. कानाला तेवढं जाणवत नाही, कानाला १० डेसिबलला साधारण दुप्पट वाटतं, पण कानाच्या आतल्या नाजूक भागावर आणि काचेवर जो दाब येतो त्याला आपल्या वाटण्याशी देणंघेणं नसतं. म्हणून "पासष्टच्या ऐवजी पंच्याण्णव झाला, थोडाफार जास्त झाला" असं नसतं, पंच्याण्णव म्हणजे हजार पट.

आणि आपल्याकडच्या डॉल्बीत आणखी एक गोम आहे. (डॉल्बी हे खरं तर कंपनीचं नाव, पण सातारा-सांगली-कोल्हापुरात बेसच्या खोक्यांची भिंत म्हणजे डॉल्बीच.) नियमातले आकडे डेसिबल 'ए' मापात आहेत, म्हणजे मीटर माणसाच्या कानासारखं ऐकतो आणि अगदी खालच्या सुरांना कमी धरतो. साठ-बासष्ट हर्ट्झच्या आसपासचा बेस असेल तर जवळजवळ २६ डेसिबल कमी धरले जातात. म्हणजे छातीत धडधडतंय, पत्रे हलताहेत, पेल्यातलं पाणी थरथरतंय, आणि मीटरवर मात्र त्या मानानं कमीच आकडा दिसतो. त्यात बेस भिंतीतनं आरपार येतो, खिडकी लावून उपयोग होत नाही. मला विचाराल तर हा नियमातला कच्चा दुवा आहे आणि तो दुरुस्त व्हायला पाहिजे, कारण आपल्या भागातला खरा त्रास कर्ण्याचा कमी आणि या खोक्यांचाच जास्त आहे.

आता येतो तो सगळ्यात मोठा गैरसमज, बाराचा. "आज बारापर्यंत परवानगी आहे" हे आपण गणपतीत ऐकतो, नवरात्रात, शिवजयंतीला, आंबेडकर जयंतीला ऐकतो. २००२ च्या दुरुस्तीनं राज्य सरकारला मुभा दिली की सण-उत्सवासाठी वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १० ते १२ स्पीकरला सूट देता येईल, आणि २००५ मध्ये सुप्रीम कोर्टानंही ती कायम ठेवली. आपल्याकडं जिल्हाधिकारी कार्यालयातून त्या दिवसांची यादी निघते. पण सूट कशाची? वेळेची. दोन तासांची. डेसिबलचा आकडा त्यात कुठंही वाढवलेला नसतो, शांतता क्षेत्र कुठंही उठवलेलं नसतं. बारापर्यंत म्हणजे बारापर्यंत मर्यादेत. मिरजेची अनंत चतुर्दशीची मिरवणूक स्वागत कमानींखालून दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, ती चालू दे, ती आपल्या भागाची शान आहे आणि मी लहानपणापासून बघतोय, पण स्पीकरला सूट बाराचीच आणि आवाजाला सूट कधीच नाही.

उलट बाजूनं बघा म्हणजे आणखी स्पष्ट होईल. बंदिस्त हॉलमध्ये, सगळी दारं लावून, आतल्या आत कार्यक्रम असेल तर रात्री दहानंतरही स्पीकर चालतो, वेळेची बंदी तिथं लागू नाही. पण पातळीची अट तिथंही आहेच, रहिवासी भागात त्या कार्यालयाच्या हद्दीवर रात्री ५० च्या वर जाता कामा नये. म्हणजे एका ठिकाणी वेळ सुटली तरी पातळी सुटत नाही. आणि लॉन म्हणजे बंदिस्त हॉल नव्हे, वर मांडवाचं कापड टाकलं म्हणून काही ती बंदिस्त जागा होत नाही.

मागच्या वर्षी आमच्या गल्लीच्या मंडळाच्या सेक्रेटरीला मी पोलीस स्टेशनची परवानगी दाखवायला सांगितली. पोरगा चांगला, लगेच मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवलेला होता तो दाखवला. मी म्हटलं, जरा वाच. वेळेची अट त्यानं खडखडीत वाचली. त्याखाली दोन ओळी सोडून "ध्वनी पातळी विहित मर्यादेत राहील याची दक्षता घ्यावी" असं होतं, तिथं तो थांबला.

"काका, विहित म्हंजे किती?"

"आपल्या गल्लीत पासष्ट."

"आन् आपलं किती जातंय?"

मी मोबाईलवरचं ॲप लावलं. मांडवाच्या कडेला ९४-९५ दाखवत होतं. ॲप म्हणजे पुरावा नव्हे, फोनाफोनात फरक पडतो, पण अंदाज येतो. तो बघत राहिला, मग म्हणाला, "पासष्टात डॉल्बी वाजतच नाही ओ." बरोबर आहे. दाट घरांच्या गल्लीत बेसची भिंत उभी करून पासष्टात राहणं जवळपास शक्यच नाही. म्हणूनच आपल्याकडं इतकी वर्षं डॉल्बीमुक्त गणेशोत्सवाची हाक द्यावी लागली. त्या पोराला कुणी आकडाच सांगितला नव्हता, कागदावर नुसतं 'विहित' लिहून सोडलेलं. परवानगीच्या कागदावर त्या भागाचा आकडा ठळक अक्षरात लिहावा, एवढं केलं तरी फार फरक पडेल असं माझं ठाम मत आहे. ज्या मिरजेत सतारीची जवारी काढणारे, म्हणजे तारांखालची घोडी घासून सूर जुळवणारे कारागीर केसभर फरक कानानं ओळखतात, त्या मिरजेच्या शेजारी आपण राहतो, आवाज समजत नाही अशी काही आपली माणसं नाहीत.

कुणाकडं जायचं हाही गोंधळ असतो तेवढा सांगतो. महापालिका किंवा नगरपालिका रस्त्यावरच्या मंडपाची परवानगी देते, ती जागेची. स्पीकरची परवानगी लेखी घ्यावी लागते आणि ती पोलिसांकडून मिळते. आवाजाच्या तक्रारीसाठी महापालिकेत हेलपाटे घालू नका, पोलीस स्टेशन किंवा ११२.

तक्रार करताना मात्र दोन्हींतली कुठली अट मोडली ते सांगा, कारण नियमातही तक्रारीची दोन कारणं वेगवेगळी दिलेली आहेत, रात्रीची बंदी मोडली हे एक, आणि परिसराच्या आकड्यापेक्षा १० डेसिबल किंवा त्याहून जास्त आवाज झाला हे दुसरं. रात्री दहानंतर असेल तर "उघड्यावर स्पीकर चालू आहे, वेळेची बंदी मोडली" एवढंच बोला, किती मोठा आहे यात शिरूच नका, नाहीतर बोलणं तिकडंच वळतं. दहाच्या आधी असेल तर "आवाज खूप आहे" म्हणू नका, "रहिवासी भाग आहे, पातळी ओलांडली आहे, मीटर घेऊन या आणि हद्दीवर मोजा" असं सांगा, आणि मोजल्याची नोंद करायला लावा, वेळ आणि आकडा दोन्ही. नाव कळेल, उद्या गल्लीत तोंड दाखवायचंय, ही भीती सगळ्यांनाच असते, मलाही होती. मुंबई हायकोर्टानं जानेवारी २०२५ मध्ये पोलिसांना सांगितलंय की तक्रार करणाऱ्याची ओळख मागू नका आणि कळली तरी समोरच्याला सांगू नका. तेव्हा फोन लावताना संध्याकाळचे सात वाजले असतील तरी बिचकू नका, दहा वाजायची वाट बघायची गरज नाही.