लिस्बन : पाहण्याजोगी स्थळे आणि अनुभव

लिस्बन ही पोर्तुगालची राजधानी. टेगस नदी जिथे अटलांटिक महासागराला मिळते, त्या मुखाजवळ उत्तर काठावरच्या टेकड्यांवर हे शहर वसले आहे. शहराची वस्ती साडेपाच लाखांच्या आसपास आहे. १५१० ते १९६१ या काळात गोव्याच्या सत्तेची सूत्रे इथूनच हलत होती. म्हणून गोव्याहून किंवा महाराष्ट्रातून येणाऱ्याने हे शहर केवळ रम्य म्हणून पाहू नये. इथल्या दगडांत आपल्याही इतिहासाचा काही भाग आहे.

शहर समजून घ्यायचे तर १ नोव्हेंबर १७५५ ही तारीख लक्षात ठेवावी. सर्व संतांच्या सणाच्या सकाळी लोक चर्चमध्ये प्रार्थनेला जमले असताना प्रचंड भूकंप झाला. मागोमाग त्सुनामीची लाट नदीतून आत शिरली आणि नंतर कित्येक दिवस आगी धुमसत राहिल्या. नदीकाठचा रिबेरा राजवाडा नष्ट झाला. त्या जागी आज प्रासा दो कोमेर्सियो हा तीन बाजूंनी कमानींच्या इमारतींनी वेढलेला आणि नदीकडे मोकळा असलेला भव्य चौक आहे. त्यामागचा बायशा हा भाग मार्की द पोंबाल या मंत्र्याच्या देखरेखीखाली सरळ, काटकोनात छेदणाऱ्या रस्त्यांनी नव्याने आखला गेला. घरांच्या भिंतींत लाकडी चौकटींचा पिंजरा बसवलेला असे, जेणेकरून पुढचा धक्का इमारतीला सोसता यावा. भूकंपाचा विचार करून आखलेल्या जगातल्या सुरुवातीच्या नगररचनांपैकी ही एक आहे.

भूकंपाने नेमके काय नेले, ते कार्मोच्या मठात कळते. चर्चचे छत कोसळले आणि ते पुन्हा घातले गेले नाही. गॉथिक कमानी उघड्या आकाशाखाली तशाच उभ्या आहेत. भूकंपापूर्वीचे शहर पाहायचे असेल, तर माद्रे द देउश मठातल्या आझुलेजू संग्रहालयात, म्हणजे चकाकी दिलेल्या रंगीत फरश्यांच्या संग्रहालयात जावे. १७०० च्या सुमारास घडवलेले सुमारे २३ मीटर लांबीचे शहराचे दृश्य तिथे निळ्या-पांढऱ्या फरश्यांत जपले आहे. पर्यटक सहसा इतक्या दूर येत नाहीत, पण या लेखात नोंदवलेल्या जागांपैकी एकच निवडायची झाली तर हीच निवडावी.

भूकंपातून बऱ्याच अंशी वाचलेली जुनी वस्ती म्हणजे आल्फामा. वर साव जॉर्ज किल्ला आहे. मूरांकडून, म्हणजे तेव्हाच्या मुस्लिम सत्तेकडून, तो आफोन्सो एन्रिकेश या पहिल्या पोर्तुगीज राजाने ११४७ मध्ये जिंकला. खाली अरुंद बोळ, पायऱ्या, वाळत घातलेले कपडे आणि भिंतींवरच्या फरश्या. इथे नकाशा मिटून हिंडावे, मात्र गुळगुळीत दगडी फरसबंदी पावसात फार निसरडी होते, तेव्हा तळ चांगले असलेले बूट हवेतच. २८ क्रमांकाची पिवळी ट्राम याच चढ-उतारांतून जाते. दुपारी तिला खच्चून गर्दी असते आणि खिसेकापूही असतात. सकाळी लवकर मार्तिम मोनीझ या आरंभीच्या थांब्यावर बसल्यास खिडकी मिळते.

फादो हे गाणे याच परिसरात ऐकावे. बारा तारांच्या पोर्तुगीज गिटारीच्या साथीने विरह, नियती आणि समुद्र यांविषयी गायिले जाणारे हे गायन २०११ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आले. आमालिया रोद्रिगेश (१९२०–१९९९) या थोर गायिकेची समाधी जवळच्या राष्ट्रीय पँथिऑनमध्ये, म्हणजे थोर व्यक्तींच्या स्मारकवास्तूत आहे. गाणे सुरू होताच दिवे मंद केले जातात आणि जेवणाऱ्यांनीही गप्प राहावे अशी रीत आहे.

पश्चिमेकडचे बेलेम म्हणजे सागरी साम्राज्याचा दर्शनी भाग. राजा मानुएलच्या काळात सोळाव्या शतकाच्या आरंभी सुरू झालेल्या जेरोनिमोस मठाचे बांधकाम शतकभर चालले. त्याचा मोठा खर्च आफ्रिका आणि पूर्वेकडच्या व्यापारावरील करातून निघाला, म्हणजे मलबारच्या मिरीचाही त्यात वाटा होता. खांबांवर दोरखंड, प्रवाळ, वेली असे कोरीवकाम आहे. ओवऱ्यांचे दुमजली अंगण डोळे भरून पाहावे असे आहे. आत वास्को द गामाची समाधी आहे. १५२४ मध्ये कोचीत त्याचे निधन झाले. अवशेष आधी तिथे होते, मग पोर्तुगालला नेले गेले आणि १८८० मध्ये या मठात आणले गेले. जवळच्या बेलेम बुरुजावर गेंड्याचे एक झिजलेले शिल्प आहे. गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कला दिलेला गेंडा गोव्याहून जहाजाने मे १५१५ मध्ये लिस्बनला पोचला होता. जर्मन चित्रकार ड्यूररचे प्रसिद्ध काष्ठचित्र त्याच गेंड्याचे, तो प्रत्यक्ष न पाहता काढलेले. मठाशेजारच्या दुकानात १८३७ पासून विकले जाणारे अंड्याच्या कस्टर्डचे गरमागरम पास्तेल दालचिनी भुरभुरून खावेत.

बेलेमचे वैभव पाहून तिथूनच परतणे अपुरे ठरते. कॅथेड्रलजवळचा आल्जूब हा सालाझारच्या हुकूमशाहीतला राजकीय तुरुंग होता, आता तिथे प्रतिकार आणि स्वातंत्र्याचे संग्रहालय आहे. गोवामुक्तीच्या लढ्यातल्या कैद्यांनाही पोर्तुगालमध्ये डांबले जाई. सांगलीहून गोव्यात मराठी शिकवायला गेलेले आझाद गोमंतक दलाचे मोहन रानडे लिस्बनजवळच्या काशियास किल्ल्यात कैदेत होते. गोवा मुक्त होऊनही त्यांची सुटका १९६९ मध्ये झाली. पुढे २५ एप्रिल १९७४ च्या क्रांतीत सैनिकांच्या बंदुकांत लोकांनी कार्नेशनची फुले खोवली. पंतप्रधान कायतानो यांनी शरणागती पत्करली ती कार्मो चौकातल्या छावणीत, म्हणजे त्या छत नसलेल्या चर्चच्या शेजारीच. मठ पाहायला जाणाऱ्यांनी चौकात थोडे थांबावे ते यासाठी.

एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने हिंडायला उत्तम. १२ जूनच्या रात्री संत आंतोनियोच्या उत्सवात जुन्या वस्त्यांच्या गल्ल्यांत सार्डिन मासे निखाऱ्यावर भाजले जातात आणि पहाटेपर्यंत नाचगाणे चालते. बहुतेक संग्रहालये सोमवारी बंद असतात. मोठ्या वास्तूंची डागडुजीही अधूनमधून चालते, त्यामुळे जाण्याआधी चौकशी करून घ्यावी.