कायोटी पकडताना वापरायचे वास आणि लुअर

कायोटी हा उत्तर अमेरिकेतला कोल्ह्यासारखा प्राणी, शास्त्रीय नाव कॅनिस लॅट्रान्स, अंगाने आपल्या कोल्ह्यापेक्षा थोराड आणि लांडग्यापेक्षा लहान. मूळचा पश्चिमेच्या माळरानावरचा, आता पार अलास्कापासून पनामापर्यंत पसरलाय. कोकरं पळवतो म्हणून आणि फरसाठी तिकडे त्याला सापळे लावतात, आणि सापळा कितीही भारी असला तरी कायोटी नेमका तिथेच पाय टाकेल हे बघायचं काम वासाचं असतं.

लुअर आणि बेट यात बरेच जण गोंधळ घालतात. बेट म्हणजे खायची वस्तू, मुरवलेलं मांस वगैरे, ते चमचाभर घालतात. लुअर म्हणजे उग्र वासाचं मिश्रण, थोडंसंच पुरतं. लुअर काही खाण्याच्या वासाचे, काही कायोटीच्याच ग्रंथींपासून केलेले आणि काही नुसते कुतूहल चाळवणारे असतात, शिवाय कायोटीचं मूत्र बाटलीत भरून विकतात ते वेगळंच. लुअरमध्ये बीव्हरचं (पाण्याकाठी राहणारा, कुरतडणारा मोठा प्राणी) कॅस्टोरियम म्हणजे शेपटीजवळच्या पिशव्यांतला उग्र स्राव, स्कंक या घाण वासाचा फवारा मारणाऱ्या प्राण्याचा वास, माशाचं तेल, सडवलेली अंडी असं काय काय असतं, आणि गंमत म्हणजे हिंग पण! आपल्या फोडणीतला हिंग, तो या जुन्या ट्रॅपर म्हणजे सापळे लावणाऱ्या लोकांच्या डब्यात कधीपासून आहे. थंडीत गोठू नये म्हणून ग्लिसरीन घालतात.

सगळ्यात चालणारी पद्धत म्हणजे तिरकं बीळ खणायचं, जणू दुसऱ्या कुठल्या जनावराने आत खाणं लपवलंय, वास तळाशी टाकायचा आणि तोंडासमोर सापळा पुरून वर चाळलेली माती पसरायची. वारा बिळाकडून कायोटीच्या नेहमीच्या वाटेकडे वाहायला हवा, नाहीतर त्याला कळणारच नाही. दुसरी पद्धत एकदम साधी, गवताच्या झुपक्यावर मूत्र शिंपडायचं, आपल्याकडची कुत्री विजेच्या खांबापाशी थांबतात तसाच तो पण थांबतो.

तिकडच्या शरद ऋतूत पिल्लं घर सोडून भटकतात, भुकेली असतात, तेव्हा खाण्याचे वास चालतात, आणि जानेवारी ते मार्च हा जोडी जमण्याचा काळ, तेव्हा ग्रंथी आणि मूत्र.

नवखे लोक हमखास जास्त लुअर ओततात. मग कायोटी पाय टाकायचं सोडून मान घासत लोळायला लागतो, आणि वास सापळ्यालाच लागला असेल तर सापळाच उकरून काढतो, म्हणून हातमोजे पण दोन वेगळे ठेवतात, एक लुअरचे एक सापळ्याचे.

कोलोरॅडोत १९९६, कॅलिफोर्नियात १९९८ आणि वॉशिंग्टन राज्यात २००० साली लोकांनी मतदान करून अशा सापळ्यांवर कडक बंधनं आणली. सापळा नसला तरी वास मात्र उपयोगी पडतोच: १९७० च्या दशकात अमेरिकेत सरकारी लोकांनी कायोटी किती आहेत याचा अंदाज घ्यायला चाळलेल्या मातीचं गोल रिंगण करून मधोमध वास ठेवायला सुरुवात केली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन पावलांचे ठसे बघायचे.