मिस केरळ आणि बंदीचे चुकलेले महिने

चिपळूण, रत्नागिरी, कणकवलीकडच्या फिशटँकच्या दुकानांत अंगावर लाल-काळा पट्टा असलेला 'मिस केरळ' मासा मागितला, तर आज फारसं कुणी चकित होत नाही. पण तो इथवर आला कसा, हे पाहायला हवं. आपल्याकडचे बहुतेक शौकीन हा मासा पैदास केंद्रातला आहे की थेट नदीतून उचललेला, हे न विचारताच घरी आणतात.

जुना इतिहास थोडक्यात सांगता येतो. 1865 मध्ये त्रावणकोरच्या डोंगरातल्या, मुंडक्कयमजवळच्या नमुन्यांवरून या माशाचं शास्त्रीय वर्णन झालं आणि मद्रासच्या तत्कालीन गव्हर्नराचं आडनाव त्याला चिकटलं. पुढची सव्वाशे वर्षं स्थानिक लोक सोडले तर त्याची दखल कुणी घेतली नाही. 1997 मध्ये सिंगापूरच्या शोभिवंत माशांच्या प्रदर्शनात नव्या जातींच्या गटात त्याला तिसरा क्रमांक मिळाला आणि चित्र पालटलं. परदेशातून मागणी आली. केरळ आणि दक्षिण कर्नाटकातल्या मोजक्या पश्चिमवाहिनी नद्यांच्या खडकाळ डोहांतून मासे निघू लागले. 1999 मध्ये चालकुडी नदीतली याची जवळची बहीण-जात वेगळी नोंदवली गेली. तिच्या पाठीवरच्या परावर काळा ठिपका असतो. व्यापाऱ्यांनी मात्र दोन्ही जाती एकाच नावाने विकल्या. 2005 ते 2012 या काळात या दोन जातींचे मिळून 3 लाखांहून जास्त मासे देशाबाहेर गेले.

खरा वाद आहे तो 2008 च्या निर्णयाचा. नद्या रिकाम्या होत असल्याची ओरड वाढल्यावर केरळ सरकारने हा मासा पकडायला जून, जुलै आणि ऑक्टोबर असे तीन महिने बंदी घातली. माशाच्या मापावर आणि पकडण्याच्या साधनांवरही मर्यादा आल्या. कागदावर हे चोख दिसतं. कोकणातल्या माणसाला तर जून-जुलैची बंदी ऐकताच पटेल. आपल्या समुद्रातही यांत्रिक मासेमारी 1 जून ते 31 जुलै बंद असते. पहिल्या पावसात चढणीचे मासे गाबोळीने भरलेले असतात आणि ओढ्यांतून थेट भातखाचरांत शिरतात, हे इथल्या पोरासोरांनाही माहीत असतं. पाऊस सुरू झाला की मासा अंडी घालतो, हा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे आणि पुष्कळ जातींबाबत तो खराही आहे.

या जातीबाबत तो खरा नव्हता. नंतर झालेल्या अभ्यासांत दिसलं की मिस केरळचा विणीचा काळ साधारण ऑक्टोबर ते मार्च असतो. नदीगणिक भर थोडा मागेपुढे होतो एवढंच. म्हणजे बंदीच्या तीन महिन्यांपैकी एकटा ऑक्टोबर विणीच्या काळात पडत होता. जून-जुलैत त्या नद्यांना पूर असतो, तेव्हा तसंही डोहात जाळं टाकणं अवघड. उलट नोव्हेंबरपासून पुढे, म्हणजे पाणी निवळतं, मासे डोहांत जमतात आणि माद्या अंड्यांवर असतात तेव्हा, पकडायला मोकळीक होती. हेतू चांगला होता याबद्दल मला शंका नाही. पण एका जातीचं भवितव्य ठरवणारा हुकूम त्या जातीची वीण न तपासता निघाला, हे मला आजही खटकतं. शिवाय तो हुकूम एका राज्यापुरता होता. मासा मात्र शेजारच्या राज्यांतल्या विमानतळांवरूनही बाहेर जात होता.

महिन्यांच्या या घोळापुढे महाडजवळच्या काळ नदीवरची वाळणकोंड आठवते. तिथे वरदायिनी देवीचे मासे म्हणून डोहातले महसीर कुणी मारत नाही. तिथे राखलाय तो डोहच, आणि तोही बारमाही. केरळातही महिन्यांऐवजी काही डोह असेच पूर्ण राखले असते, तर वीण कधी होते हा प्रश्नच आड आला नसता.

2010 मध्ये ही जात जागतिक लाल यादीत धोक्यातली म्हणून नोंदली गेली. 2013 मध्ये दोन्ही जातींसाठी सह्याद्रीवरून 'सह्याद्रिया' हे नवं प्रजातीनाम (शास्त्रीय नावाचा पहिला भाग) आलं, तरी किती तरी दुकानांच्या फलकांवर अजून जुनंच नाव असतं. दरम्यान संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन टाकीत पैदास करणं केरळात साधलं होतं. आग्नेय आशियातल्या फार्मांनी तर मोठ्या प्रमाणावर पिल्लं काढली. नदीवरचा भार हलका होण्याची खरी शक्यता त्यातूनच निर्माण झाली. बंदीपेक्षा या कामाचं मोल मी जास्त मानतो.

कोकणातल्या घरात हा मासा सांभाळायचा तर विहिरीचं मऊ पाणी बहुतेक गावांत त्याला मानवतं. अडचण येते ती उकाड्याची. थंड, खळाळत्या, प्राणवायूने भरलेल्या पाण्यातला हा मासा आहे. एप्रिल-मे महिन्यांत किनाऱ्यावरच्या खोलीत टाकीचं पाणी तिशी ओलांडतं, आणि पाणी तापलं की त्यातला प्राणवायू घटतो. त्यात वीज गेली तर आधी हेच मासे वर येऊन तोंड उघडू लागतात. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे कित्येक गावं दिवसेंदिवस अंधारात होती. बॅटरीवरचा एअर पंप ही इथे चैन नाही. हा मासा बोटभर राहत नाही, पाच-सहा इंचांपर्यंत वाढतो आणि थव्याने राहतो. दोन फुटी टाकीत दोन-तीन मासे ठेवणं म्हणजे त्यांचे हाल करणं.

टाकी आवरायची वेळ आली तरी मासे वाशिष्ठीत किंवा कुठल्या ओढ्यात सोडू नयेत. तो सह्याद्रीतला असला तरी आपल्या नद्यांतला नाही. आणि विकत घेताना दुकानदाराला तो कुठून आला हे विचारावं. एका मापाची लहान पिल्लं बहुधा पैदास केंद्रातली असतात. दिवाळीनंतर, ऐन विणीच्या दिवसांत, लहानमोठे पूर्ण वाढलेले मासे एकाच पिशवीत आले असतील आणि दुकानदाराला त्यांचा ठिकाणा सांगता येत नसेल, तर ते घेऊ नयेत.